तीस दिवसांचा रुसवा

जावयाने पहिलं बोट मोडलं तेव्हा भाचीने पहिला खोटा आकडा सांगितला.

गाडी रस्त्याच्या कडेला उभी होती, काचा वर होत्या, आणि दिवस लख्ख उजाडलेला होता. बाहेरून माणसं जात-येत होती. आत त्याने तिच्या ऑफिसचा फोन आपल्या मांडीवर ठेवला होता आणि तिचा डावा हात गिअरच्या दांड्यावर दाबून धरला होता. फोन उघडायला सहा आकडे लागत. तिने सांगितले, त्याने दाबले, फोन नुसताच थरथरला. मग त्याने दुसरं बोट धरलं.

घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करणाऱ्या नर्सबाईंच्या एका संस्थेत भाची कामाला होती. दिवसभरात कोणाच्या घरी जायचं, त्याचे पत्ते फोनमध्ये असत. त्यात एक पत्ता असा होता, की तो बाहेर कुणालाच सांगत नसत. मारकुट्या नवऱ्यांपासून पळून आलेल्या बाया तिथे राहत. भाची तिथे मलमपट्टीला जाई, आणि गेल्या तीन आठवड्यांपासून तिची स्वतःची आठ वर्षांची लेकही तिथेच होती. जावयाला, म्हणजे भाचीच्या नवऱ्याला, लेक हवी होती. तो मोहल्ला त्याने हुडकून काढला होता, पण दार माहीत नव्हतं. दार फोनमध्ये होतं.

पहिले पाच चुकीचे आकडे फोन मुकाट ऐकून घेतो. सहाव्याला मिनिटभर थांबवतो, सातव्याला पाच मिनिटं, आठव्याला पंधरा. नवव्याला पुरता एक तास. भाचीला हे तोंडपाठ होतं. तिने नऊ खोटे आकडे सांगितले. मधल्या थांबण्याच्या वेळेत जावई तिला मारत बसला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून. चार बोटं झाली. दहाव्या वेळी चाक खोलायचा पाना तिच्या जबड्यावर बसला आणि ती खरं बोलली. सहन होईना म्हणून बोलली, आणि आता बोललं तरी चालेल म्हणूनही. फोन तासभर उघडणारच नव्हता, आणि तासाच्या आत ऑफिस तो कोरा करून टाकणार, याबद्दल तिच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मावशीने तसं शिकवलं होतं.

पावणेअकराला त्याने तिला दार उघडून बाहेर ढकललं. औषधाच्या दुकानदाराने उचललं तेव्हा रक्ताच्या गुळण्या टाकत ती एकच सांगत होती, "पावणेबारा. ऑफिसला सांगा, पावणेबारा."

*

सव्वाअकराच्या सुमाराला अक्काचा फोन वाजला. अक्का म्हणजेच ती मावशी. वय एकाहत्तर, पण कान शाबूत आणि जीभ त्याहून. ऑफिसचा नंबर बघून तिने मुद्दाम चार घंट्या जाऊ दिल्या.

"कोण मेट्रनबाई? आज बरी वाट चुकली?"

"अक्का, टोमणे नंतर मारा. भाचीला मारलंय त्याने. वाईट मारलंय. फोन घेऊन गेलाय."

अक्का खुर्चीवरून उठली. "जीव?"

"आहे. ऑपरेशनला घेतलीय. ती पावणेबारा म्हणत होती. मला समजलं."

अक्कालाही समजलं. "मग बसलात काय? तुमच्या त्या इंजिनिअरला सांगा, फोन कोरा करायचं बटण दाब."

"दाबलं. चार वेळा दाबलं. हुकूम प्रतीक्षेत, असंच येतंय. तो म्हणतो सगळं हिरवं दिसतंय, मग जात का नाही कळत नाही."

अक्काला मात्र तिथल्या तिथे कळलं.

"सर्टिफिकेट," ती म्हणाली. "आले मी."

*

तरुणपणी अक्का टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. डोक्याला पट्टा, छातीवर भोंगा, समोर छिद्रांची भिंत, आणि दोन्ही हातांत दोऱ्या. गावंच्या गावं ती हाताने एकमेकांना जोडायची. ते काम संपलं तेव्हा नर्सबाईंच्या संस्थेने तिला घेतलं, आणि पुढे प्रत्येक नर्सच्या हाती फोन आल्यावर ते एकशेचाळीस फोन अक्काच्या पदरात पडले. कुठला हरवला, कुठला बिघडला, कुणाचा हिसकावला, सगळं ती खुर्चीत बसून निस्तरायची. मेट्रनबाई म्हणायच्या, "अक्का, तुमचं बरंय, उंटावरून शेळ्या हाकायच्या!" अक्का म्हणायची, "हाकून बघा एकदा."

कारण शेळ्या ऐकायच्या त्या एका कागदामुळे. ऑफिसने फोनला काही हुकूम सोडायचा, तर तो थेट जात नाही. फोन बनवणाऱ्या कंपनीच्या दारातून जातो, आणि त्या दारावर ओळख पटवायला सर्टिफिकेट लागतं. ते एक वर्ष चालतं. वर्षाच्या आत, ज्या खात्यातून ते काढलं त्याच खात्यात जाऊन, तेच्या तेच पुन्हा रिन्यू करायचं. नवीन काढायचं नाही. घरात एकटं ठेवलेल्या पोराला आपण बजावतो ना, माझाच आवाज ऐकलास तर कडी काढ, तसं हे. नवीन सर्टिफिकेट म्हणजे परका आवाज. फोन आत बसून राहतात. साधे कॉल येतात-जातात, त्यामुळे बाहेर कुणाला पत्ताही लागत नाही, पण ऑफिसचा हुकूम म्हणून एकही कडी निघत नाही.

खातं अक्काने आपल्या नावावर काढलं होतं, आणि त्यात शिरताना येणारा सहा आकडी कोड तिच्या स्वतःच्या फोनवर यायचा. निवृत्त होताना तिने सगळं एका निळ्या वहीत उतरवून दिलं. पण कोडचा नंबर तिने बदलून दिला नाही. मुद्दाम नाही दिला. वर्षातून एकदा तरी ऑफिसला तिला फोन करावा लागे. मग मेट्रनबाई चौकशी करायच्या, गुडघे कसे आहेत विचारायच्या, जुन्या नर्सबाई मागून "अक्का, या की एकदा" असं ओरडायच्या. तो दिवस ती वर्षभर जपून ठेवायची.

यंदा फोन आला नाही.

मुदत संपायला तीस दिवस उरले असल्याचं पत्र तिच्या खात्यावर आलं. तिने वाचलं. करतील फोन, म्हणून ठेवून दिलं. दहा दिवसांचं आलं. मग एक दिवसाचं. अक्काच्या नाकाच्या शेंड्यावर राग बसला. नवा इंजिनिअर आलाय म्हणे, शहाणा. आता म्हातारीची काय गरज? गरज असेल तर येतील झक मारत. तारीख उलटली त्या दिवशी ती दिवसभर फोनसमोर बसून उसवलेल्या गाद्यांच्या खोळी शिवत राहिली, आणि संध्याकाळी सुईदोरा आपटून आत गेली.

ते परवा. आणि आज भाचीची चार बोटं.

*

ऑफिस दोन गल्ल्या सोडून होतं. अक्का धावली म्हणणं धाडसाचं होईल, पण ती जशी गेली तशी गेल्या दहा वर्षांत गेली नव्हती. वाटेत तिला थोरली बहीण आठवली, भाचीची आई. ती एकदा एक्स्चेंजच्या खिडकीशी आली होती, पदराने अर्धा चेहरा झाकून. "माहेरी जोडून दे गं फोन." त्या दोघींचं महिनाभर बोलणं बंद होतं. कशावरून, ते आता आठवतही नव्हतं. अक्काने मान वर न करता सांगितलं, "लाइन मोकळी नाही. रांगेत थांब." लाइन मोकळी होती. बहीण थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. चार दिवसांनी ती जिन्यावरून पडून मेली, असं तिच्या नवऱ्याने सगळ्यांना सांगितलं. जिना सात पायऱ्यांचा होता.

ऑफिसात शिरल्या शिरल्या अक्काने पर्स दाराजवळच्या बाकावर टाकली आणि काउंटरमागे गेली. इंजिनिअर घामाने निथळत होता. तिशीतला, चष्मेवाला.

"नवीन काढलंस?" अक्काने विचारलं.

"हो. तुमच्या खात्याचा पासवर्ड नव्हता."

"वहीत होता."

मेट्रनबाईंनी मॉनिटरकडे बोट दाखवलं. निळी वही मॉनिटरखाली उंचवट्याला ठेवलेली होती.

"चढवताना पिवळा इशारा आला असेल. जुन्याशी जुळत नाही म्हणून."

"आला होता. मी ठीक आहे म्हणून दाबलं."

"ठीक आहे!" अक्काचा हात उठला होता, तो तिने आवरला. "तुझ्या कानाखाली जाळ काढायला मला उद्याचा दिवस आहे. आता यंत्रातून सर्टिफिकेटसाठी नवी विनंतीची फाईल काढ आणि मला लॅपटॉप दे. त्या घरी कळवलं का?"

"कळवलं," मेट्रनबाई म्हणाल्या. "सहा बाया आहेत, एकीचं पोट परवाच शिवलंय. आणि कोपऱ्यावर त्याचा भाऊ गाडी लावून बसलाय. बाहेर पडल्या तर थेट त्याच्या तोंडी. पोलीस निघालेत म्हणतात."

"निघालेत म्हणजे अजून चहा पितायत."

फाईल निघाली. अक्का काउंटरमागच्या बुटक्या स्टुलावर बसली आणि मांडीवर लॅपटॉप घेऊन कंपनीचं पान उघडलं. पासवर्ड वहीत बघावा लागला नाही. तो माहेरच्या घराचा जुना टेलिफोन नंबर होता, बहिणीला जोडून न दिलेला. कोड पाठवलाय, असं पडद्यावर आलं.

तेवढ्यात दाराची काच फुटली.

*

जावई काचेतूनच आत आला. उजव्या हातात पाना, डाव्या हातात भाचीचा फोन. बाह्यांवर रक्त वाळलं होतं. ते त्याचं नव्हतं. लग्नात, बारशात अक्काने चार लोकांत किती वेळा मिरवलं होतं, एक बटण दाबलं की फोन कोरा! ते त्याच्या लक्षात होतं.

"कॉम्प्युटर कुठंय?" तो ओरडला.

इंजिनिअर पुढे झाला. का झाला कोण जाणे, कदाचित त्या पिवळ्या इशाऱ्यापायी. "हे बघा, तुम्ही आधी शांत व्हा..." पाना त्याच्या दंडावर बसला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज झाला. इंजिनिअर खाली बसला आणि जनावरासारखा ओरडायला लागला. जावयाने त्याला पोटात लाथ घातली, मग दुसरी, आणि त्याला ओलांडून टेबलाकडे गेला. मोठे दोन्ही कॉम्प्युटर त्याने फोडले. पडदे, डबे, वायरींसकट सगळं. एक नर्स मध्ये आली, तिला त्याने केसांना धरून भिंतीवर आपटलं. कुबड्यांची चळत कोसळली. निळी वही काचांच्या खचात जाऊन पडली.

मग तो काउंटरशी आला, फोन समोर ठेवला आणि घड्याळाकडे बघितलं. अकरा वाजून अडतीस मिनिटं.

"कुणी हललं तर डोकं फोडीन. सात मिनिटं. मग मी जातो." तेव्हा कुठे त्याचं लक्ष काउंटरमागे गेलं. "मावशी? तुम्ही कशाला आलात इथे?"

लॅपटॉप अक्काच्या मांडीवर होता, काउंटरच्या फळीखाली. त्याच्या बाजूने तिचं फक्त डोकं आणि खांदे दिसत होते.

"मेट्रनबाईंना भेटायला," अक्का म्हणाली. आवाज कापत होता, आणि तो कापायला हवाच होता. "तुम्ही हे काय केलंत, जावईबापू?"

"तुमच्या भाचीला विचारा. माझी पोर लपवते?"

दाराजवळच्या बाकावर पर्स वाजली. कोड आला होता. दहा पावलं अंतर, मध्ये जावई.

अक्काने छातीवर हात ठेवला. "जावईबापू, माझी पर्स देता का? त्यात गोळी आहे. जीव घाबरा झालाय माझा."

त्याने तिच्याकडे पाहिलं. पाना उगारलेलाच होता. चार बोटं मोडून, जबडा फोडून आलेला माणूस तो. पण सासरच्या वडीलधाऱ्या बाईने काही मागितलं तर उठून द्यायचं, ही सवय कुठेतरी हाडात राहिली होती. बायकोला मारणारी माणसं चारचौघांत फार अदबशीर असतात, हे अक्काने आयुष्यभर पाहिलं होतं. तो मागे गेला, पर्स उचलली आणि आणून दिली. झाकणही उघडून दिलं.

"पाणी हवंय?"

"नको. कोरडीच गिळते."

तिने गोळी तोंडात टाकली आणि पर्समध्ये वाकून सहा आकडे वाचले. एक्स्चेंजमध्ये शंभर-शंभर नंबर डोक्यात असायचे, सहा काय. मांडीवर ते तिने एका बोटाने दाबले. इंजिनिअर ओरडत होता. मेट्रनबाई त्याच्या दंडाला फळी बांधत होत्या आणि अक्काने पाहिलं, त्या मुद्दाम जास्त ओढत होत्या. त्याच्या ओरडण्यात कळांचा आवाज बुडत होता.

"गप कर त्याला!" जावई म्हणाला.

"हाड बाहेर आलंय, गप कसा बसेल?" मेट्रनबाई म्हणाल्या.

पडद्यावर यादी आली. वर नवीन, मंगळवारचं. खाली जुनं, मुदत संपलेलं, पण अजून काढून न टाकलेलं. अक्काने जुन्यासमोर रिन्यू दाबलं. विनंतीची फाईल दिली. चाक फिरायला लागलं. अकरा बेचाळीस.

सर्टिफिकेट उतरलं. आता ते ऑफिसच्या यंत्रात चढवायचं; ते यंत्र इंटरनेटवर होतं, फुटलेल्या डब्यांत नव्हतं. नव्याच्या जागी जुनं. पुन्हा तोच पिवळा इशारा आला, जुळत नाही, खात्री आहे का? अक्काला आयुष्यात इतकी खात्री कधीच नव्हती.

अकरा त्रेचाळीस. कोरा करायचा हुकूम अजून प्रतीक्षेत. प्रतीक्षेत.

जावयाने फोन हातात घेतला होता. ओठांनी तो सहा आकडे घोकत होता. अकरा चव्वेचाळीस.

मग त्याच्या हातातला फोन काळा पडला. त्याने बटण दाबलं, हलवला. मिनिटभराने तिथे पांढरा पडदा आला आणि त्यावर एकामागून एक निरनिराळ्या भाषांत, नव्या मालकासाठी, स्वागताचे शब्द उमटायला लागले.

तो ते शब्द वाचत राहिला. मग त्याने काउंटरवरून वाकून खाली पाहिलं.

"म्हातारे," तो म्हणाला. मावशी संपली होती.

"झालं," अक्का म्हणाली. "आता मार."

त्याने मारलं. तिने हात आडवा घातला. मनगट तुटलं, पाना तसाच खाली कपाळावर घसरला आणि डोळ्यांत रक्त उतरलं. दुसऱ्यांदा तो खांद्यावर बसला. तिसऱ्यांदा उचलला, तो खाली आला नाही. मेट्रनबाईंनी मागून ऑक्सिजनची छोटी टाकी फिरवली होती. तीस वर्षं जड माणसं उचललेले हात ते. पहिला घाव गुडघ्याच्या मागे बसला, तो कोसळला. दुसरा कानामागे. तिसरा आधीच खाली पडलेल्या माणसावर, आणि चौथाही. कुणी त्यांना अडवलं नाही. भिंतीवर आपटलेली नर्स उठून आली आणि त्याच्या पाना धरलेल्या हातावर टाच रोवून उभी राहिली, ती हललीच नाही.

मग मेट्रनबाईंनी टाकी खाली ठेवली. जावयाच्या डोक्याखाली रक्ताचं थारोळं वाढत होतं. त्या क्षणभर बघत उभ्या राहिल्या, आणि धापा टाकत गुडघ्यांवर बसल्या.

"कापूस आणा गं कुणी," त्या म्हणाल्या. "मेला तर मलाच आत जावं लागेल."

*

जावई जगला. पुढे काय व्हायचं ते कोर्टात होईल. पोलीस बारा वाजता आले, आणि कोपऱ्यावरच्या भावालाही त्यांनी गाडीतून उतरवलं. त्या घराचं दार कुणालाच सापडलं नाही.

चौथ्या दिवशी अक्काला भाचीच्या वॉर्डात नेऊन बसवलं. अक्काचं मनगट प्लॅस्टरमध्ये, कपाळावर अकरा टाके. भाचीचा जबडा तारांनी बांधलेला. बोलता येत नव्हतं. उजव्या हाताशी पाटी होती. लेक पायथ्याशी झोपली होती, आईचा घोटा मुठीत धरून.

भाचीने लिहिलं, "मला माहीत होतं तू करशील."

अक्काने ते वाचलं. इथेच थांबता आलं असतं. इंजिनिअरने सगळा दोष आपल्यावर घेतला होता, आणि सगळे तिला डोक्यावर घेऊन नाचत होते. तिने पाटी उलटी करून ठेवली.

"ऐक," ती म्हणाली. "त्याने चुकीचं काढलं हे खरं. पण मुदत संपतेय हे मला माहीत होतं. पत्रं आली होती मला. एक फोन केला असता तर त्याने नवीन काढलंच नसतं, आणि तुझा निरोप येताच तुझा फोन मिनिटात कोरा झाला असता. मी केला नाही. मला विचारलं नाही म्हणून रुसून बसले होते."

भाचीने पाटी सरळ केली, पुसली, आणि लिहिलं, "किती दिवस?"

"तीस."

भाचीने प्लॅस्टरमधला डावा हात उचलून चादरीवर आणला. चार जाड पांढरी बोटं, आणि अंगठा तेवढा मोकळा. तो तिने अक्कासमोर तसाच ठेवला. मग भिंतीकडे मान वळवली.

अक्का बसून राहिली. उठायला कुणी सांगितलं नाही, बस असंही नाही. संध्याकाळी मेट्रनबाई आल्या तेव्हा तिने आपला फोन त्यांच्या हाती दिला.

"खात्यावरचा कोडचा नंबर बदलायचाय. ऑफिसातल्या दोघींचे घाला, तुमचा आणि एका नर्सचा. तारीख भिंतीवर मोठी लिहा."

"अहो, असू दे की तुमचाच. वर्षातून एकदा करू आम्ही फोन."

"नको," अक्का म्हणाली. "माझा काढून टाका."

मेट्रनबाईंनी नंबर बदलला. शेवटची खात्री करायला एक कोड अक्काच्या फोनवर आला. फोन वाजला तशी भिंतीकडे तोंड केलेल्या भाचीने उजवा हात मागे केला आणि नव्याने लिहिलेली पाटी पुढे सरकवली. मेट्रनबाईंनी ती वाचली आणि अक्काला दाखवली.

"दुसरा नंबर माझा घाला."